हिरवळ जगवायची की कुंपण घालायचे?

मुंबईच्या एखाद्या कामगार वस्तीतील सार्वजनिक उद्यान डोळ्यांसमोर आणावे. फाटकाशी उद्घाटनाची संगमरवरी पाटी असते. तीवर ज्यांची नावे कोरलेली असतात ते पुन्हा तिकडे फिरकलेले नसतात. मध्यभागी एके काळी हिरवळ होती. आता तिच्यावरून तिरप्या पायवाटा गेल्या आहेत, मधोमध टक्कल पडले आहे, कडेने टाकळा आणि गाजरगवत माजले आहे. आणि दुरून जे हिरवे दिसते ते जवळ जाऊन पाहावे तर लव्हाळा निघतो. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धुरळा. तरीही संध्याकाळी माणसे तेथे येतातच. दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांना पाय लांब करून बसता येत नाही ती माणसे येतात. पाळी संपवून आलेला कामगार चपला उशाला घेऊन आडवा होतो, पोरे चेंडू खेळतात, घरात दोन शब्द बोलायला ज्यांना जागा नाही अशी नवी जोडपी कडेच्या कठड्यावर बसतात.

मग एके दिवशी वृत्तपत्रात उद्यानाच्या दुर्दशेचे छायाचित्र येते. प्रशासन निधीच्या आणि मनुष्यबळाच्या अभावाचा खुलासा करते. हा खुलासा होण्याचाच अवकाश असतो. लगेच कोणी तरी मोठ्या उदारपणे पुढे होतो आणि म्हणतो की, पालिकेला झेपत नसेल तर हे उद्यान आमच्या हवाली करा, सहा महिन्यांत गालिचा अंथरून दाखवतो. गालिचा खरोखरच अंथरला जातो. परंतु त्याबरोबर कुंपणही येते, कुंपणाला कुलूप येते, कुलपाशी पहारेकरी येतो, आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी येते. चपला उशाला घेऊन निजणारा कामगार त्या चित्रातून नाहीसा होतो. हिरवळ जगली असे सर्वजण म्हणतात. ती कोणासाठी जगली, हे विचारण्याचे भान कोणालाच राहत नाही.

समाजवादी कार्यकर्त्याने हा प्रश्न क्षुल्लक मानू नये. उजाड हिरवळ पुन्हा उभी करणे हे काम मातीचे, पाण्याचे आणि श्रमाचे आहे. ते मालकी बदलण्याचे काम नाही. या दोन कामांची गल्लत जाणीवपूर्वक केली जाते, आणि त्या गल्लतीतूनच सार्वजनिक जमिनी हातच्या जातात.

तण हे कारण नव्हे, परिणाम

हिरवळीत तण माजले म्हणून हिरवळ मेली, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. हिरवळ आधी दुबळी होते आणि मोकळ्या झालेल्या जागेत तण शिरते. हजारो पावलांखाली माती दबून दगडासारखी होते. पावसाचे पाणी तिच्यात मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. कंत्राटदाराचे यंत्र महिन्यातून एकदा येते आणि वाढलेले गवत एकदम बुडापासून खरडून टाकते. पात्याच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग एका वेळी कापू नये, हे कोणताही जुना माळी सांगेल. कारण पाते हेच गवताचे अन्न शिजवण्याचे साधन असते. ते साधन दरमहा हिरावून घेतले की मुळे उपाशी राहतात. दबलेल्या मातीत नाचणीच्या जातीचे रानगवत तग धरते, पाणी साचते तेथे लव्हाळा पसरतो, नुसती उघडी माती राहते तेथे गाजरगवत येते. प्रत्येक तण हा त्या जागेच्या आजाराचा दाखला असतो. तो वाचायचा सोडून फाडून टाकण्यालाच नूतनीकरण म्हटले जाते.

लव्हाळ्याचेच उदाहरण घ्यावे. त्याचा जीव पात्यात नसतो. तो जमिनीखालच्या, दोऱ्यात मणी ओवावेत तशा जोडलेल्या गाठींत असतो. पाते उपटले की दोरा तुटतो, गाठ मातीत राहते आणि काही दिवसांत नवे पाते वर येते. यंत्राने कापल्याने तर त्याचे काहीच बिघडत नाही. तेवढा दिवस मात्र साजरा होतो. त्याला हटवायचे तर माती ओलसर असताना खुरप्याने गाठीसकट काढावे लागते, पुन्हा उगवला की नवी गाठ धरण्यापूर्वी पुन्हा काढावा लागतो, आणि हे पाळीपाळीने हंगामभर करावे लागते. त्याच वेळी शेजारचे गवत दाट करावे लागते; कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही. सार्वजनिक जीवनातील अनेक रोगांप्रमाणे येथेही वरवरची छाटणी निरुपयोगी आणि चिकाटीची मशागत फलदायी ठरते.

गाजरगवताची कथा आणखी बोलकी आहे. पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास ते ठळकपणे नजरेस आले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते या देशात आले, असे त्या काळी सर्वतोमुखी झाले आणि लोकांनी त्याचे नाव 'काँग्रेस गवत' ठेवले. नावामागचा विनोद लोकांचा होता; त्वचेचे विकार आणि दमा यांचा त्रासही लोकांनीच भोगला. हे गवत फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटले पाहिजे, ही गोष्ट साधी आहे. परंतु जुलैमध्ये करावयाच्या कामाची निविदा ऑक्टोबरात उघडली जाते, आणि तोवर एकेका झाडाने हजारो बिया मातीत सांडलेल्या असतात. कारभाराचे वेळापत्रक ऋतूंना जुमानत नाही, आणि ऋतूही कारभाराची वाट पाहत नाहीत.

याउलट जे गवत मुंबईच्या मैदानाला खरोखर मानवते ते कोठून आणावेही लागत नाही. ती हरळी आहे. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा हीच. शेतकरी तिला शिव्या देतो, कारण शेतात शिरलेली हरळी खणून काढता काढता त्याची कंबर मोडते. तीच चिवटपणाची ताकद मैदानावर उपयोगी पडते. पायाखाली तुडवली तरी ती कांड्याकांड्यांवर मुळे धरते. शेतात जे तण तेच मैदानात पीक. तण कोणते आणि पीक कोणते हे गवताच्या जातीवरून ठरत नाही, जमिनीचा उपयोग कोणासाठी आहे यावरून ठरते.

तेव्हा उजाड हिरवळीच्या पुनरुज्जीवनाला लागणारी सामग्री कोणती? वैशाखात माती पहारीने आणि दाताळ्याने उकरून मोकळी करावी, खड्डे बुजवावेत, पाणी साचू नये इतका उतार द्यावा. उद्यानातच पडणारा पालापाचोळा कुजवून केलेले खत आणि शेणखत घालावे. पहिल्या पावसाने माती भिजली की हरळीच्या कांड्या वीत-अर्ध्या वितीवर लावाव्यात. आषाढ-श्रावणात दर आठवड्यास खुरपणी करावी. संपूर्ण मैदान एकदम बंद न करता त्याचे चार तुकडे करून एकेका तुकड्याला विसावा द्यावा. पर्जन्यवृक्षाच्या दाट सावलीत हरळी धरत नाही. तेथे गवताचा हट्ट न धरता बसण्याची जागा करावी. एवढे केले की दोन-तीन महिन्यांत जमीन झाकते आणि वर्षभरात हिरवळ पायाखाली येण्याजोगी होते. या यादीत परदेशी यंत्र नाही, सल्लागार नाही, प्रवेशशुल्क नाही. तीत एकच महाग वस्तू आहे: बारमाही काम करणारा, त्या मातीची ओळख असलेला माणूस. आणि नेमकी तीच वस्तू अंदाजपत्रकातून वगळली जाते.

तयार गालिच्याचा मार्ग सोपा दिसतो. परंतु ती गुंडाळलेली हिरवळ कोठे तरी शेतात वाढलेली असते आणि त्या शेताच्या वरच्या मातीचा थर कापूनच ती शहरात येते. ती दबलेल्या मातीवर पसरली तर काही महिन्यांत पिवळी पडते, आणि खालचा लव्हाळा तिला भोसकून वर येतो. मग पुन्हा निविदा, पुन्हा गालिचा, पुन्हा उद्घाटन. ज्या हिरवळीला वर्षातून एकदा विकत घ्यावे लागते तिची मशागत कोणीही करीत नाही. कारण मशागतीत कोणाला टक्केवारी मिळत नाही.

आईबाप जिवंत असता दत्तक

सार्वजनिक जागा खाजगी संस्थांकडे सोपविण्याच्या योजनेला मुंबईत 'दत्तक' असे गोंडस नाव आहे. ज्या मुलाचे आईबाप जिवंत आहेत, मिळवते आहेत आणि देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणून मिरवत आहेत, ते मूल शेजाऱ्याला दत्तक का द्यावे, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले. नागरिकांनी त्याविरुद्ध इतका गिल्ला केला की तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना त्याला स्थगिती द्यावी लागली, आणि पूर्वी दिलेले २१६ भूखंड परत घेण्याची घोषणा करणे पालिकेला भाग पडले. परत घेण्याची वेळ आली तेव्हा कोणते भूखंड लवकर आले आणि कोणते अडून राहिले, हे मुंबईकरांनी पाहिले आहे. राजकीय पुढाऱ्यांच्या छत्राखालील संस्थांनी ज्या जागांवर क्लब आणि जिमखाने थाटले होते त्या सोडवताना प्रशासनाची जीभ एकाएकी मऊ झाली. इतके होऊनही २०२३ मध्ये दत्तक धोरणाचा नवा मसुदा पुढे आला आणि नागरिकांना पुन्हा हरकती नोंदवाव्या लागल्या. तण उपटले, गाठ राहिली.

या धोरणाचे समर्थक म्हणतात की निदान हिरवळ तर चांगली राहते. या युक्तिवादाला या शहरात जुनी परंपरा आहे. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज अशी जी नावे आहेत ती सारी एके काळी एस्प्लनेड या एकाच विस्तीर्ण मैदानाचे भाग होती. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला आणि त्या मैदानाचा एक तुकडा गोऱ्यांच्या क्रिकेटसाठी राखीव झाला. उरलेल्या भागात पारशी, हिंदू आणि मुसलमान पोरे क्रिकेट खेळत. पण साहेबांना पोलोही खेळायचा होता. तो त्यांनी आपल्या राखीव हिरवळीवर खेळला नाही. तो देशी पोरांच्या हिरवळीवर खेळला. घोड्यांच्या टापांनी तेथे खळगे पडत आणि चेंडू कोठे उसळेल याचा नेम राहत नसे. १८८१ मध्ये देशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केला. त्यांची मागणी काय होती? साहेबांनी खेळू नये अशी नव्हती; सामान्यांच्या मैदानाची हिरवळ मोजक्या लोकांच्या करमणुकीसाठी तुडवू नये, इतकीच होती. अर्जविनंत्यांचा हा झगडा पुढे अनेक वर्षे चालला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात त्याची हकीकत नोंदवून ठेवली आहे.

त्या झगड्याचा शेवट विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. मैदान सर्वांसाठी नीट राखण्याऐवजी समुद्रकाठच्या भराव जमिनीवर पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना वेगवेगळे भूखंड देण्यात आले. सार्वजनिक हिरवळीचा प्रश्न जातवार खाजगी हिरवळींनी सोडविला गेला. ज्याला जिमखान्याचे सभासदत्व परवडले त्याला सपाट हिरवळ मिळाली. ज्याला परवडले नाही त्याच्यासाठी खळगे राहिले. आजचे दत्तकधोरण ही त्याच तोडग्याची नवी आवृत्ती आहे. फरक इतकाच की तेव्हा राज्यकर्ते परके होते.

माळ्याला कायद्याने ठरविलेले स्थान

हिरवळ माणसाने जगते, हे सांगून झाले. तो माणूस कोण, हे आता पाहिले पाहिजे. एके काळी प्रत्येक मोठ्या उद्यानाला स्वतःचे माळी असत. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणत्या झाडाखाली गवत धरत नाही, लव्हाळा कोठून पसरू लागला, हे त्यांना पाठ असे. ते निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या गेल्या आणि काम कंत्राटदाराकडे गेले. कंत्राटी मजूर आज या उद्यानात असतो, उद्या दुसऱ्या. त्याला खुरपे मिळते, परंतु एका मातीशी ओळख होण्याइतका काळ मिळत नाही. कंत्राट संपले की त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. त्याला दोष देणे हा अन्याय आहे. ज्याच्या स्वतःच्या भाकरीला मूळ धरू दिलेले नाही त्याने गवताला मूळ धरवावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक कसोटी घालून दिली होती. एखाद्या कामातील कंत्राटी पद्धती बंद करावयाची की नाही हे ठरवताना ते काम बारमाही स्वरूपाचे आहे काय, हे सरकारने पाहावे असे त्यात होते. तो कायदा परिपूर्ण होता असे नव्हे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटी पद्धती बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत असा निर्णय दिला आणि कायद्याचा दात बोथट झाला. तथापि कसोटी तरी उभी होती, आणि गवत बारा महिने वाढते हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध करता येण्याजोगे होते.

नव्या श्रमसंहितांनी ती कसोटीच बदलली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत कंत्राटी कामगारांना मनाई आहे ती केवळ आस्थापनेच्या 'मुख्य' कामात. मुख्य कोणते नव्हे, याची यादी त्या संहितेतच आहे. सफाई, पहारा, उपाहारगृह, हमाली यांच्या बरोबरीने त्या यादीत बागकाम आणि हिरवळीची देखभाल यांचा नावानिशी उल्लेख आहे. देशाच्या संसदेने हिरवळीची दखल घेतली, ती अशी! कारखान्यापुढची असो की कचेरीपुढची, हिरवळ राखणारा माणूस गौण ठरला. ज्यांच्या हाताला माती लागते, घाण लागते किंवा ओझे लागते अशा जवळजवळ सर्व श्रमांची या यादीत एकत्र मोट बांधलेली आहे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

परंतु त्याच कलमात एक फट आहे, आणि कामगार संघटनांनी तिच्यात पहार घातली पाहिजे. आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तरच ही कामे मुख्य कामाबाहेर राहतात. साबणाच्या कारखान्याला म्हणता येईल की बागकाम हा आपला व्यवसाय नव्हे. महापालिकेच्या उद्यान विभागाला हे कसे म्हणता येईल? उद्यान विभाग उद्यानांसाठी नसेल तर तो कशासाठी आहे? निविदा काढण्यासाठी? हा प्रश्न प्रत्येक महापालिकेच्या सभागृहात आणि वेळ पडल्यास न्यायासनापुढे विचारला गेला पाहिजे.

आपल्याच गोटातला आक्षेप

डाव्या चळवळीतील काही मित्र या साऱ्यावर नाक मुरडतील. हिरवळ हे सरंजामदारांचे आणि साहेबांचे लेणे आहे; दुष्काळी महाराष्ट्रात गवताला पाणी घालणे हेच पाप आहे; ती मेली तर मरू द्या, असे ते म्हणतील. या आक्षेपात सत्याचा मोठा अंश आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

इंग्लंडात विस्तीर्ण हिरवळ ही जमीनदाराच्या श्रीमंतीची जाहिरात होती. एवढी जमीन आहे की तीत काही पिकवण्याची गरजच नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखविण्याचा तो मार्ग होता. आणि गावाची सामाईक कुरणे कुंपणात गेली तेव्हा अशा वाड्यांचा विस्तार झाला. एप्रिल १६४९ मध्ये जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याचे सहकारी सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल येथे गेले आणि जमीन सर्वांची आहे असे म्हणून त्यांनी तेथे गाजरे आणि शेंगा लावल्या. जमीनदारांनी त्यांना काही महिन्यांतच हुसकून लावले. त्याच टेकडीवर आज धनिकांच्या खाजगी बंगल्यांची वसाहत आणि गोल्फची हिरवळ आहे. गवत कापण्याचे यंत्रही १८३० मध्ये एडविन बडिंग याने बनविले, ते लोकरी कापडाच्या गिरणीत कापडावरची लव कातरण्याच्या यंत्रावरून. गिरणीत घाम गाळणाऱ्यांच्या वाट्याला मात्र हिरवळ फार उशिरा आली. डर्बी येथे १८४० मध्ये गिरणीमालक जोझेफ स्ट्रट याने मोठे उद्यान शहराला दिले, तेव्हा तेही आठवड्यातून दोनच दिवस विनामूल्य खुले होते.

पाण्याचा मुद्दा तर याहून तीव्र आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागत होते. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाला आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश द्यावा लागला. कारण माणसे तहानलेली असताना खेळपट्ट्यांना पाणी दिले जात होते. पिण्याच्या पाण्यावर जोपासलेली हिरवळ हा गुन्हाच आहे, याबद्दल समाजवाद्याच्या मनात संदेह असता कामा नये.

परंतु या आक्षेपातून निष्कर्ष चुकीचा निघतो. सावकाराने धान्याचा साठा केला म्हणून भाकरी वाईट ठरत नाही. धनिकाच्या बंगल्यापुढची हिरवळ पाहण्यासाठी असते. श्रमिकाच्या उद्यानातील हिरवळ पाठ टेकण्यासाठी असते. पहिलीला मे महिन्यात हिरवे राहावे लागते, दुसरीला नाही. हरळी उन्हाळ्यात वरून वाळते, पिवळी पडते; पण तिच्या जमिनीतल्या कांड्या जिवंत असतात आणि पहिल्या सरीबरोबर त्यांना धुमारे फुटतात. चैत्र-वैशाखात पिवळी दिसणारी हिरवळ मेलेली नसते, ती ऋतू पाळत असते. बारमाही हिरवेपणाचा हट्ट सोडला की पाण्याची गरज बरीच उतरते. जी उरते ती प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर आणि मुरवलेल्या पावसावर भागविता येते.

शिवाय हिरवळ मरू दिल्याने काय होते, हे शिवाजी पार्कने दाखवून दिले आहे. १९२५ मध्ये खुले झालेले, १९२७ पासून शिवरायांच्या नावाने ओळखले जाणारे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लक्षावधी माणसांनी दुमदुमलेले हे मैदान. त्यावर टाकलेल्या लाल मातीचा धुरळा आजूबाजूच्या घरांत शिरू लागला आणि रहिवाशांना वर्षानुवर्षे गाऱ्हाणी मांडावी लागली. पालिकेने पावसाचे पाणी साठविण्याची आणि तुषारसिंचनाची व्यवस्था केली, गवत लावण्याचे प्रयोग केले. तरी धूळ उठतच राहिली. कारण गवत लावणे हा एका दिवसाचा समारंभ असतो आणि ते जगविणे हे तीनशे पासष्ट दिवसांचे काम असते. हजारोंच्या सभा, खेळ आणि मेळावे ज्या मैदानावर होतात त्याच्या मातीला पाळीपाळीने विसावा द्यावा लागतो. सभा घेणाऱ्या सर्वच पक्षांनी हे लक्षात ठेवले पाहिजे, आणि मैदान हा लोकशाहीचा आखाडा आहे असे मानणाऱ्यांनी तर विशेषच. मांडवाचे खांब रोवून झाल्यावर खड्डे बुजविण्याची जबाबदारी ज्याच्या सभेची त्याची. उघड्या मातीचा धुरळा वातानुकूलित मोटारीत बसलेल्याच्या छातीत जात नाही. तो पदपथावर झोपणाऱ्याच्या आणि मैदानाभोवती गाडी लावणाऱ्या फेरीवाल्याच्या छातीत जातो.

मागण्या आणि कर्तव्ये

यातून पक्षकार्यकर्त्यांनी करावयाची मागणी स्पष्ट होते. उद्यान विभागातील माळ्यांची पदे कायम स्वरूपात भरावीत आणि आज कंत्राटात राबणाऱ्या माणसांनाच त्यांवर प्रथम घ्यावे. प्रत्येक उद्यानासाठी ठरलेले माळी असावेत. मशागतीचे वेळापत्रक आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे, पावसाप्रमाणे आखावे. पिण्याच्या पाण्याचा थेंबही गवतावर पडू नये. उद्यानातला पालापाचोळा कचराडेपोत न जाता तेथेच कुजावा. उद्यानावर किती खर्च झाला आणि कशावर झाला, त्याचा फलक फाटकाशी लावावा. उद्घाटनाची संगमरवरी पाटी झाकली गेली तरी चालेल. आणि कोणतेही उद्यान कोणत्याही नावाखाली क्लबाकडे, कंपनीकडे किंवा पुढाऱ्याच्या न्यासाकडे सोपवू नये.

येथे एका मोहाचाही उल्लेख केला पाहिजे. श्रमदानाची परंपरा समाजवादी चळवळीत जुनी आणि अभिमानास्पद आहे, आणि रविवारी खुरपी घेऊन पन्नास तरुण उद्यानात उतरले तर ते स्वागतार्हच होय. परंतु श्रमदान हा वेतनाला पर्याय होऊ नये. ज्या कामासाठी माळ्याला मजुरी मिळाली पाहिजे ते फुकट करून दिले, तर पालिकेचा पैसा वाचतो आणि माळ्याचे पद कायमचे बुडते. तरुणांनी खुरपावे ते माळ्याच्या हाताखाली, त्याच्याकडून शिकत; आणि त्याच दुपारी त्याच्या कायमपणाच्या अर्जावर वस्तीतील सह्या गोळा कराव्यात. सकाळच्या खुरपणीइतकेच दुपारचे हे कामही हिरवळीचेच काम आहे.

कुंपणवाल्यांचा सारा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे: जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही. हे गृहीत खोटे आहे. सर्वांच्या मालमत्तेची काळजी घेणारा माणूस होता. त्याचे पद रद्द करण्यात आले, आणि मग काळजी घेणारा कोणी नाही असा कांगावा झाला. तो माणूस परत आणणे, त्याच्या हाती खुरपे देणे, महिनाअखेर पुरेसा पगार देणे आणि फाटक उघडे ठेवणे, एवढेच काम आहे. पाळी संपवून आलेल्या कामगाराला पाठ टेकायला चार हात जमीन मिळते की नाही, यावरच त्या हिरवळीची परीक्षा झाली पाहिजे.